दमानं चालवायचं मशीन

कॉम्प्युटरला पान उलटायला सांगितलं की मी उठायचे, आत जाऊन तांदूळ धुवायचे, कुकर लावायचे आणि परत येऊन बघायचे, तर पडद्यावर अर्धंच पान उमटलेलं असायचं. एक अक्षर यायचं, मग जरा थांबून त्याची वेलांटी, मग आणखी थांबून वरचा अनुस्वार. ‘विहीर’ हा शब्द पुरता दिसेपर्यंत खरी विहीर खणून झाली असती. नकाशा असलेलं पान आलं तर विचारूच नका. तो वरून खाली एकेक पट्टी करून असा उतरायचा, की मधल्या वेळात आईच्या एका ब्लाउजची हातशिलाई मी करून द्यायचे. जगातली प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी होती असं वाटायचं माझं वय, आणि नशिबात आलं होतं हे यंत्र. आता मामेभावाची मुलगी फोनवर बोट फिरवते आणि क्षणभर काही हललं नाही तर ‘आत्या, बघ ना किती स्लो आहे’ म्हणत माझ्याकडे येते. मी तिला काही सांगत नाही. सांगून तिला पटणारही नाही.

आम्ही तेव्हा वसईच्या पापडीला राहायचो, जॉनकाकांच्या वाडीच्या मागच्या दोन खोल्यांत. वाडी म्हणजे केळी, थोडा पानमळा, विहीर आणि विहिरीवरची मोटर. मोटर सुरू झाली की आमच्या खोलीतला दिवा पिवळा पडायचा आणि मी हातातलं सगळं टाकून आधी काम सेव्ह करायला धावायचे. सकाळी पाववाल्याची सायकल, मग चर्चची घंटा, मग आईच्या शिलाई मशीनची घरघर, आणि त्या सगळ्यांवर ताण म्हणजे माझा प्रिंटर. तो छापायला लागला की जॉनकाकांची कोंबडी सुद्धा पायरीवरून उठून जायची. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत कपाटाला खेटून ठेवलेला. आईने त्याला उरलेल्या ब्लाउजपिसांचा झालरवाला झगा शिवला होता, त्यामुळे काम नसताना तो एखाद्या नवसाच्या बाळासारखा दिसायचा. स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या विल्सनकडून मी तो जुना घेतला होता, माझ्या शिकवण्यांच्या पैशांत आणि बाबांच्या बोनसात. पुढच्या बाजूला बटणं होती, त्यातल्या एकावर पांढरी चिकटपट्टी लावलेली, आणि शेजारचा पिवळा दिवा कधीच पेटत नसे. जुनी वस्तू म्हटली की तिचं एखादं बटण मेलेलं असायचंच, असं म्हणून मी तिकडे लक्षही दिलं नव्हतं.

बाबा सातिवलीच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवायचे. त्यांच्या गाडीचं इंजिन ती त्यांच्या हातात आल्यापासून एकदाही उघडावं लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावी लागायची. गतिरोधक दिसायच्या आधीच पाय उचलायचा, फाटक बंद असलं की इंजिन बंद, चढावर गाडीला घाई करायची नाही. ‘दमानं घे’ हा त्यांचा मंत्र. तो कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या घरातला मिक्सर फक्त पहिल्या नंबरवर चालायचा. दुसऱ्या नंबरला हात लावला की बाबा जिथे असतील तिथून ओरडायचे, ‘मोटर जळेल गो.’ त्यामुळे आमच्याकडची चटणी म्हणजे खोबऱ्याचे तुकडे आणि त्यांच्या आजूबाजूला हिरवं पाणी. इस्त्री अर्ध्याच्या पुढे नाही. स्कूटर अशी चालवायचे की मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. आई म्हणायची, ‘मला पण लग्न झाल्यापासून पहिल्याच नंबरवर ठेवलंय ह्या माणसाने.’ बाबा त्यावर शांतपणे म्हणायचे, ‘म्हणून टिकली आहेस.’

तर त्या वर्षी सावेकाकांनी मला एक पुस्तक दिलं. सावेकाकांचा वसई गावात छापखाना होता, आणि छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपत आलेत हे त्यांना पटायला लागलं होतं. पुस्तक होतं एका निवृत्त मास्तरांचं, वसईच्या विहिरींवर. कोणती कोणी खणली, कुठे रहाट होता, कुठलं पाणी मचूळ झालं, आणि मधे मधे मास्तरांनी स्वतः काढलेले नकाशे. सावेकाका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, ‘पोरी, शाळा उघडायच्या आत सगळी पानं कॉम्प्युटरवर लावून दिलीस तर पुढचं सगळं काम तुझ्याकडे. नाही जमलं तर आत्ताच सांग, मी दादरला पाठवतो.’ मी जमेल म्हणाले. नाही म्हणून करते काय? गणपतीच्या सुमारास बाबांनी एकदा जेवताना सांगितलं होतं, की कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनाची जागा आहे आणि मॅनेजरसाहेब मुलीला घ्यायला तयार आहेत. त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ते माझ्यासाठी मागून आले होते. मला त्या स्टोअरची कल्पनाच नको होती. पत्र्याचं छप्पर, नटबोल्टची पोती, आवक आणि जावक. मी म्हटलं, मला जूनपर्यंत घरी कॉम्प्युटरवरचं काम करून बघू दे. बाबा ‘बघू’ म्हणाले. त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा ते ‘बघू’ एवढंच म्हणाले, आणि प्रत्येक वेळी मला त्या स्टोअरची खुर्ची एक पाऊल जवळ सरकल्यासारखी वाटली.

म्हणजे सगळं घोडं त्या यंत्रापाशी अडलं होतं. ते पळालं तर माझं काम माझं, नाही तर आवक आणि जावक. म्हणून मी ठरवलं की त्याला पळवायचं, आणि तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो उतरता उतरेना. पहिल्यांदा विल्सनकडे गेले. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, ‘एक काम कर, हा विकून टाक आणि नवीन घे.’ कुणाला विकू, तर त्यालाच. त्याच्याकडूनच घेतलेला, त्यालाच, भंगाराच्या भावाने. मी म्हटलं, ‘मशीन टकाटक आहे असं कोण म्हणालं होतं?’ तर म्हणतो, ‘तेव्हा होतं ना.’ दादरला बँकेत असलेल्या मामाने फोनवर सल्ला दिला की आत्ता काहीच घेऊ नकोस, पुढच्या वर्षी सगळं स्वस्त होणार आहे. उंटावरून शेळ्या हाकायला ह्याला कुणी सांगितलं होतं? आणि जॉनकाका एकदा भाडं न्यायला आले तेव्हा पडद्यावर हळूहळू उतरणारा नकाशा हात मागे बांधून बघत उभे राहिले. शेवटी बाहेरच्या विहिरीकडे बोट करून म्हणाले, ‘आमच्या बावीचा आहे ना हा? सावकाश येतो, पण बरोबर येतो हां.’

शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात जायचं ठरलं. एकटी मुलगी कशी जाणार म्हणून आई बरोबर, आणि आई बरोबर म्हणून डबा बरोबर. त्या रस्त्यावर दुकानं एवढीशी आणि दुकानदारांची तोंडं एवढी मोठी. पहिल्याने सांगितलं, पूर्ण मदरबोर्डच बदलून टाका, म्हणजे यंत्राच्या पोटातली मुख्य पाटीच नवी. म्हणजे मग जुन्यातलं उरतं काय, तर आईने शिवलेला झगा. दुसऱ्याने काचेखालून एक चिप काढून दाखवली. गणितं भरभर करणारा जादा चिप, ‘मॅडम, रॉकेट हो जाएगा’. मी विचारलं, पानं लावायच्या कामाला ह्याचा उपयोग होतो का? तर तो म्हणाला, गणित तर सगळ्यातच असतं. तिसऱ्या दुकानात मात्र मला हवं होतं ते सापडलं. अ‍ॅक्सिलरेटर बोर्ड. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर नवा, जास्त वेगाचा प्रोसेसर बसवलेला. जुना प्रोसेसर उपटायचा आणि त्याच्या जागी ही बसवायची, बाकी यंत्र तसंच ठेवायचं. माझ्या जिवात जीव आला. दुकानदाराने विचारलं, ‘तुमचा जुना चिप सॉकेटमध्ये आहे का डाग दिलेला आहे?’ मला माहीत नव्हतं. डाग दिलेला, म्हणजे बोर्डाला झाळून पक्का केलेला असेल तर ही पाटी चालायची नाही, मग वरून टोपीसारखा बसणारा दुसरा प्रकार घ्यावा लागणार. आई मला म्हणाली, ‘ब्लाउजचं माप न घेता कापड आणायला आल्यासारखं झालं हे.’ आम्ही घरी आलो.

यंत्र उघडून बघितलं, चिप सॉकेटमध्ये होता. परत गेलो. तर दुकानदार म्हणाला, सॉकेटच्या वर किती जागा मोकळी आहे? पाटी उंच आहे, वर डिस्कचा पिंजरा असेल तर टेकेल. परत घरी. आईने शिलाईचा टेप आत घालून माप घेतलं आणि ‘छाती भरपूर आहे’ असा निकाल दिला. परत गेलो, तर आता म्हणतो दोन कंपन्यांच्या पाट्या आहेत. एक स्वस्त, पण काही मदरबोर्डांवर मधेच रुसते. दुसरी महाग, तिच्याबरोबर फ्लॉपी मिळते आणि फ्लॉपीतला प्रोग्राम दर वेळी आधी चालवावा लागतो. कोणती घेऊ विचारलं तर म्हणाला, ‘दोनो अच्छी हैं.’ दोन्ही चांगल्या असतील तर मी एवढा वेळ इथे काय करते आहे? तिथल्या तिथे खाली बसावं असं वाटलं. आजही दुकानात कुणी ‘दोन्ही चांगले आहेत’ म्हणालं की मी काही न घेता बाहेर पडते. शेवटी आईनेच कंटाळून महागड्या पाटीवर बोट ठेवलं. का, तर तिचं खोकं जास्त घट्ट होतं.

बाबांना ह्यातलं काहीच पटत नव्हतं, पण ते आडवे आले नाहीत. पाटी घरी आली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून उजेडात फिरवून बघितली आणि विचारलं, ‘ह्याने गरम नाही ना होणार?’ मी म्हटलं, होऊ दे गरम, पळू तर दे. ते अंघोळीला गेले. पाटी बसवायला विल्सन आला, अर्थात फुकट नाही, सुरमईच्या जेवणावर. जुना चिप निघाला, नवी पाटी बसली, फ्लॉपीतला प्रोग्राम चालवला, यंत्राने सुरुवातीलाच नव्या प्रोसेसरचं नाव लिहून दाखवलं. विल्सन म्हणाला, ‘बघ, ओळखलं.’ मी नकाशाचं पान उघडलं. आणि नकाशा उतरायला लागला. एकेक पट्टी. आधीपेक्षा जरा बरा, नाही असं नाही, पण तांदूळ धुवून होतील एवढा वेळ अजूनही लागत होताच. विल्सन डोकं खाजवत म्हणाला की जुन्या यंत्रात एवढंच होणार, आणि चपला घालून गेला.

पुढचे कित्येक दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. फ्लॉपी परत परत चालवली, पाटी काढून पुसून पुन्हा बसवली, दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, ‘मदरबोर्ड का प्रॉब्लेम है.’ एप्रिल उलटत चालला होता. मास्तरांच्या विहिरी अर्ध्याही झाल्या नव्हत्या, आणि सावेकाकांचा माणूस येऊन ‘काका विचारतायत’ एवढंच म्हणून दारात उभा राहायचा. मी हात टेकले. एका रविवारी चर्च सुटून जॉनकाकांची मंडळी परतत होती, वाडीत सगळीकडे त्यांचे आवाज, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बोंबलाचं कालवण, भाकरी, कांदा. मी ताटात बोट फिरवत म्हटलं, ‘मी उद्या सावेकाकांना नाही सांगून येते. ह्या डबड्यातून एवढं पुस्तक निघायचं नाही. आहे त्या वेगाने दिवाळी येईल.’

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आणि अगदी सहज, मीठ कमी आहे सांगावं तसं म्हणाले, ‘एवढंच अडलं असेल तर ते वेगाचं बटण दाबायचं का मग?’

मी म्हटलं, ‘कुठलं वेगाचं बटण?’

‘ते नाही का पुढे? पट्टीखालचं. विल्सनने मशीन आणून ठेवलं त्या दिवशी मी विचारलं होतं त्याला, हे कशाला. तो म्हणाला, काका, हे टर्बो, आत दाबलेलं असलं की फुल स्पीड. म्हटलं बरं झालं विचारलं. तो गेल्यावर मी ते दाबून बाहेर आणलं आणि वरून पट्टी मारून टाकली. उगाच चुकून हात लागायला नको तुझा.’

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मी उष्ट्या हाताने उठले. चिकटपट्टी उन्हाने आणि धुळीने अशी बसली होती की नखाने ओरबाडावी लागली. खालचं बटण आत दाबलं, टक् झालं, आणि आजवर कधीच न पेटलेला तो पिवळा दिवा पेटला. सुरमई समोर असताना विल्सनलाही त्याची आठवण झाली नव्हती. मी नकाशाचं पान उघडलं. पट्ट्या नाहीत, काही नाही. वरून खाली आला आणि उभा राहिला. पुढचं पान. त्याच्या पुढचं. अक्षरं आपापल्या वेलांट्या-उकार घेऊन धडाधड येत होती. मागून आईचा आवाज आला, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालायला मला घेऊन जात होती.’

आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो संताप. एवढ्या महिन्यांचा, कुकरच्या शिट्ट्यांचा, लॅमिंग्टन रोडच्या उन्हाचा, सगळा एकदम. मी वळून बाबांना म्हटलं, ‘मुद्दाम केलंत ना? मला हे जमू नये असंच वाटत होतं तुम्हाला. मी हरले की झक मारत स्टोअरमध्ये येऊन बसले असते, तुमचा शब्द राहिला असता.’ आई म्हणाली, ‘मनीषा, तोंड आवर.’ मी आवरलं नाही. म्हटलं, ‘नाही, ठीक आहे. घ्या. जिंकलात तुम्ही. उद्यापासून येते तुमच्या बसमधून. कुठे आहे ती तुमची खुर्ची, दाखवा.’

बाबांनी ताट बाजूला सारलं. रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली. ते म्हणाले, ‘ती जागा नाही आता.’

‘म्हणजे?’

‘दिवाळीच्या आधीच भरली. साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, मुलगी येते का नक्की सांग, नाही तर दुसरा माणूस बघतो. मी सांगितलं, नाही येत. तिचं तिचं मशीन आहे घरी.’

हे आईलाही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी बाबांकडे. मी विचारलं, ‘मग मला का नाही सांगितलंत? सारखं बघू, बघू काय करत होतात?’

‘सांगून काय करणार होतीस? घाबरली असतीस,’ बाबा म्हणाले. ‘घाबरलेल्या माणसाच्या हातात गाडी देऊ नये. आणि दुसरं काही उरलं नव्हतं ना, बाय. हे एकच मशीन. ते बंद पडलं असतं तर मी तुला काय सांगितलं असतं? म्हणून म्हटलं, चालू दे दमानं. उशीर झाला तर झाला, बंद तर पडणार नाही.’

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मला त्यांना मिठी मारावी असं वाटलं असेल अशी कुणाची समजूत असेल, तर तसं मुळीच नव्हतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. इतकं सगळं एका माणसाने एकट्याने ठरवायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि मग बोंबलाच्या कालवणाबरोबर सांगायचं? आज ते नाहीत, आणि अजून कधी आठवलं की हा राग तसाच येतो, आणि रागाच्या मागून जे येतं त्याला मी बसायला जागा देत नाही, कारण मग दिवसभर काही काम होत नाही.

पुस्तक शाळा उघडायच्या आत गेलं. सावेकाकांनी एक नकाशा उलटा लागलाय म्हणून झापलं, आणि पुढचं काम टेबलावर ठेवलं. त्या महागड्या पाटीची खरंच गरज होती की नुसत्या बटणाने भागलं असतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती काढून जुना चिप लावून बघायला काही वेळ लागला नसता. पण चालत्या यंत्राला हात लावायची माझी छाती झाली नाही. शेवटी कोणाची मुलगी.

पण त्या रविवारी दुपारी एवढं पुढचं काही माहीत नव्हतं. मी हात धुतले, डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि रागारागात पानं लावायला बसले. यंत्र पळत होतं. जरा वेळाने मागे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. घरात टेबलफॅन एकच होता, बाबांच्या खाटेशी, आणि पहाटे उठून गाडी काढणाऱ्या माणसाची रविवारची झोप म्हणून त्या वेळी तो कुणी मागायचा नाही. बाबांनी तो उचलून आणला, स्टुलावर ठेवला, कॉम्प्युटरच्या पाठीकडे तोंड करून फुल वेगावर लावला, हात धरून वारा नीट लागतो का बघितलं, आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. मी मागे वळले नाही. एप्रिलची दुपार होती, पत्रा तापला होता, आणि मी पान उलटायचे तेव्हा मधल्या क्षणभरात मागून वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेतल्याचा आवाज ऐकू यायचा.